३ मे चं रिसेप्शन, ७०० माणसं आणि सोलापूरचं ऊन – पिण्याच्या गोष्टींचं बजेट कसं बसवायचं?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं रिसेप्शन ३ मे ला, रविवारी संध्याकाळी ७ पासून. विजापूर रोडला पुढं एक लॉन घेतलंय, अर्धं उघड्यावर अर्धं हॉलमध्ये. यंदा १७ मे पासून अधिक ज्येष्ठ लागतोय त्यामुळं सगळ्यांची कार्यं त्याच्या आत कोंबलीयत, आणि केटरर लोक असे भाव खायलेत की आपण "विचार करून सांगतो" म्हणलं की त्यांचा दुसरा फोन चालू.

जेवणाचा प्लेटचा दर ठरला, त्यात मठ्ठा आहे म्हणतोय. पण बाकी पिण्याचं सगळं त्यानं वेगळं काढलंय. वेलकम ड्रिंक माणशी ३०, कोल्ड्रिंक काउंटर माणशी २५, कॉफी माणशी १०, हे तिन्ही ७०० ने गुणलेले, आणि वर २०० मिलीच्या पाण्याच्या बाटल्या २००० नग ७ रुपयानं. म्हणजे २१,०००, १७,५००, ७,००० आणि १४,०००, एकूण ५९,५००. वडलांनी या सगळ्याला मिळून ३५ हजार सांगितलेत आणि त्यांच्यापुढं ५९ चा आकडा न्यायची माझी हिंमत नाही.

आता प्रश्न असे की यातलं काय काढू, काय स्वतः आणू, आणि मुलाकडची मंडळी पुण्याची आहेत, त्यांच्याकडून निरोप आलाय की "मॉकटेल असेल ना", ते कसं निभवू. अजून एक नाजूक विषय, नवरदेवाच्या मित्रांनी माझ्या कानात विचारलंय की "आमची व्यवस्था काय". घरात हे बोलायची सोय नाही. जाणकारांनी सांगा.

पंगत_ते_बुफे

केटरिंगमध्ये मॅनेजर म्हणून बरीच वर्षं काढलीयत, आता सोडलं, त्यामुळं मोकळं बोलतो.

पहिली गोष्ट, ७०० ही पत्रिकेची संख्या आहे का ताटांची? केटररला ताटाचा आकडा तू जेवढा देशील त्याच्यावर तो सगळं गुणणार, पण सगळी ७०० माणसं सगळंच पीत नाहीत. ज्यानं आल्या आल्या सरबत घेतलं तो लगेच कोल्ड्रिंककडं जात नाही, साठीच्या पुढचा माणूस कोल्ड्रिंकला हात लावत नाही, आणि रात्री साडेनऊला गरमीत कॉफी पिणारा म्हणजे तीनात एक धर. माणशी दर लावला की जे पिलं गेलंच नाही त्याचेपण पैसे जातात. म्हणून माणशी बोलूच नको, लिटरमध्ये बोल. "किती लिटर देणार" असं विचारलं की समोरचा एकदम सरळ होतो.

आता तुझ्या बाटल्या बघ. २००० बाटल्या म्हणजे ४०० लिटर पाणी झालं १४ हजाराला, म्हणजे ३५ रुपये लिटर. तेच २० लिटरचा गार जार ४० रुपयाला धरला तर २ रुपये लिटर. मे मध्ये आपल्याकडं दुपारी ४२-४३ असतं, सात वाजता पण ३६-३७ च्या खाली येत नाही, उघड्यावर बसलेला माणूस तीन तासात लिटरभर पाणी सहज पितो. ७०० लिटर म्हणजे ३५ जार, ५ जास्तीचे धरून ४० सांग. १६०० रुपयात विषय संपला.

बाटल्या अजिबात नकोत असं मी म्हणत नाही. स्टेजवर, पहिल्या दोन ओळीत, वयस्कर माणसांना, लहान पोरं घेऊन आलेल्या बायकांना हातात बाटली दिलेली बरी, त्याला ४०० पुरतात. बॉक्समध्ये किती बाटल्या आहेत ते कंपनीगणिक वेगळं असतं, त्यामुळं बॉक्सवर भाव करू नको, नगावर कर. आणि बाटल्या काउंटरवर उघड्या मांडायच्या नाहीत, एक पोरगा ट्रे घेऊन फिरला पाहिजे. मांडून ठेवल्या की पोरं दोन घोट पिऊन टाकतात आणि परत नवीन घेतात, रात्री खुर्च्यांखाली अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा खच असतो, तुम्ही कुठल्याही लॉनवर जाऊन बघा.

जारचं एक आहे. जारवाला दुपारी ३ ला सगळे जार उतरवून मोकळा होतो, त्याला रात्री इतर ठिकाणी पण द्यायचं असतं. तीनला उतरवलेला जार आठला कोमट. दोन खेपा ठरव, एक साडेसहाला आणि एक सव्वाआठला, आणि दुसऱ्या खेपेचे पैसे दुसऱ्या खेपेलाच दे. रिकामे जार मोजून परत द्यायची जबाबदारी घरातल्या एका माणसावर टाक, त्याचं डिपॉझिट बुडतं ते कुणाच्या लक्षात येत नाही.

ग्लास स्टीलचे भाड्यानं घे, धुवायला दोन बायका लाव. प्लास्टिकचे ग्लास तर २०१८ पासून आपल्या राज्यात बंदच आहेत, मांडलेले दिसले तर दंड लॉनवाला तुझ्या बिलात लावेल.

मठ्ठ्याबद्दल, "प्लेटमध्ये आहे" म्हणजे किती आहे ते लिहून घे. ६०० माणसं मठ्ठा पिणार, पाव लिटर माणशी, १५० लिटर लागतो. चांगला मठ्ठा हवा तर दह्याच्या दुप्पट पाणी, म्हणजे ५० किलो दही. तो ३० किलो दह्यात १५० लिटर करणार असेल तर ते पांढरं पाणी आहे, आलं मिरची कोथिंबीर टाकून लपवायचा प्रकार.

विजापूर_वेस

काय बे लेका बहिणीचं लग्न आणि तू जार मोजत बसलास 😄 पण खरंय वरचं. सोलापूरच्या माणसाला मे महिन्यात गार पाणी भेटलं की तो बिर्याणी कशी होती ते पण विसरतो.

बार्शीची_सून

वेलकम ड्रिंकला ३० रुपये? कशाचं देणारेत ते विचारलंत का? बहुतेक वेळा ती तयार सिरपची बाटली असते, हिरवं किंवा गुलाबी, एका बाटलीत पन्नास-साठ ग्लास काढतात आणि वर पुदिन्याचं एक पान टाकतात.

मे आहे तर पन्हं करा ना सरळ. कैरी स्वस्त असते त्या वेळी. लिंबाच्या नादाला लागू नका, उन्हाळ्यात लिंबाचे भाव कसे चढतात ते मंडईत जाणाऱ्या प्रत्येकाला माहितीय. एक किलो कैरीत १५० मिलीचे साधारण ३० ग्लास होतात, आमच्याकडं वास्तुशांतीला केलं होतं तेव्हाचा हिशोब आहे. ५५० ग्लास धरले तर १८-१९ किलो कैरी, त्याला २५ किलोच्या आसपास गूळ, वेलदोडा, मीठ, थोडं केशर दिसण्यापुरतं. कैरी आणि गुळाचे मिळून अडीच-तीन हजार होतील, करणाऱ्या बाईचे हजार. तुमचे २१ हजाराचे ४ हजार झाले.

कृती सोपी आहे पण वेळ पाळावी लागते. दोन दिवस आधी कैऱ्या उकडून गर काढून गुळात शिजवून घट्ट करून ठेवायचा, गार झाला की स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये. पाणी घालायचं ते लॉनवर, साडेसहाला, आणि तेही एकदम सगळं नाही, वीस-वीस लिटरचं कालवायचं. पाणी घातलेलं पन्हं गरमीत चार तास ठेवलं तर फसफसतं. आणि पितळेच्या पातेल्यात अजिबात नको, घरी मोठं भांडं तेवढंच असतं म्हणून लोक त्यातच करतात, कल्हई गेलेली असेल तर आंबट पदार्थ कळकतो आणि माणसं आजारी पडतात. ताक-मठ्ठ्याला पण हेच.

पुण्याच्या मंडळींना पन्हं आवडणार नाही असं मनात आणू नका. उलट तेच फोटो काढतील.

नव्या_पेठेतला

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मुलीकडची बाजू आहे. पन्हं करा, जार लावा, सगळं बरोबर, पण कोल्ड्रिंक काउंटर काढू नका, ते नसलं की "काय नव्हतं" हेच चार वर्षं ऐकावं लागतं. फक्त ते केटररकडून घेऊ नका.

डीलरकडून थेट उचला. सव्वादोन लिटरच्या बाटलीत १५० मिलीचे १५ ग्लास होतात, शंभराच्या आसपास बाटली पडते, म्हणजे ग्लास ७ रुपयाच्या आत. ४० बाटल्या घेतल्या तर ६०० ग्लास, ४००० रुपये. कोल्ड्रिंकवर जीएसटी ४० टक्के आहे आणि आंब्याच्या, लिचीच्या, रसवाल्या ड्रिंकवर ५, पण तो एमआरपीत धरलेलाच असतो, त्यामुळं केटरर बिलात "वरून टॅक्स" म्हणून कोल्ड्रिंकवर परत काही लावत असेल तर विचारा कशाचा. निम्म्या काळ्या, निम्म्या आंब्याच्या घ्या, पोरं आणि बायका आंब्याच्याच पितात.

परतीचं आधीच बोलून घ्या, सीलबंद उरलेलं परत घेणार का. घेतात बहुतेक. पण इथं एक गोम आहे, सगळ्या ४० बाटल्या एकदम बर्फात टाकल्या की लेबलं भिजून सुटतात, खोकी ओली होतात आणि मग डीलर हात लावत नाही. पंधरा-वीस बाटल्या टबात, बाकी सावलीत खोक्यात, संपतील तशा टाकत जायच्या. आणि मोठ्या बाटलीतनं ओतायला शहाणं पोरगं उभं करा. फेस काढत बसणारं असेल तर रांग लागते, आणि पाहुण्यांच्या हातात बाटली दिली तर संपलंच, एकेक जण ग्लास काठोकाठ भरून घेतो.

बर्फगोळा

बर्फाबद्दल कोणीच बोललं नाही आणि सगळा खेळ त्याचाच आहे.

हिशोब सांगतो. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो, आणि त्याचं झालेलं पाणी १० अंशापर्यंत चढताना अजून १०. आता १०० लिटर पाणी ३५ वरनं १० अंशावर आणायचं तर २५०० किलोकॅलरी काढाव्या लागतात, भागिले ९०, म्हणजे २८ किलो बर्फ. हा झाला पुस्तकातला हिशोब. लॉनवर वारा, उघडे टब, पोरांनी हात घालणं, यात निम्मा जातो, म्हणून दुप्पट धरायचा. तुझं पन्हं ८०-८५ लिटर, कोल्ड्रिंक ९० लिटर, मठ्ठा १५० लिटर. मठ्ठ्याचं दही गारच येणार, त्याला थोडा कमी. सगळं मिळून पुस्तकानं ९० च्या आसपास, म्हणून २०० किलो मागव. लादी फोडून नको, अख्खी घे, गोणपाटात गुंडाळून भुश्यात ठेव, लागेल तशी फोड. फोडलेला बर्फ तासात पाणी.

दुसरं, बर्फ पन्ह्यात टाकायचा का बाहेर ठेवायचा? २८ किलो बर्फ आत वितळला की १०० लिटरचं १२८ लिटर झालं, चव गेली. म्हणून एक तर तेवढं पाणी कमी घालून घट्ट ठेवायचं, नाहीतर पातेलं बर्फाच्या टबात उभं करायचं. मी दुसरं सांगेन, कारण बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला दिसत नाही.

आणि हे महत्त्वाचं. २०१८ पासून नियम आहे की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा. लादी निळसर दिसली तर ती फक्त बाहेरून गार करायला, बाटल्यांच्या टबात चालेल, ग्लासात नाही. पांढरी दिसली म्हणून लगेच खायची आहे असंही समजू नका, कारखान्यात जाऊन "खाण्याचा बर्फ पाहिजे" असं सांगून पावतीवर लिहून घ्या. सातशे माणसं जुलाबानं आडवी पडली तर पैसे वाचवून काय करणार.

जुळे_सोलापूरकर

अरे बाप रे, एवढं सगळं. सगळ्यांना धन्यवाद. दोन शंका आहेत. मठ्ठा केटरर दुपारीच करून ठेवणार म्हणतोय, आंबट नाही का होणार? आणि मॉकटेलचं कोणी बोललं नाही. आईला पन्ह्याची आयडिया लई आवडली, पण ती म्हणते "व्याह्यांनी तोंडानं मागितलंय तर नाही कसं म्हणायचं".

पंगत_ते_बुफे

मठ्ठा दुपारी करायचा नाही. दही दुपारी येऊ दे, बर्फात ठेवू दे, घुसळून पाणी साखर मीठ सहानंतर. आल्या-मिरचीचं वाटण वेगळं ठेवायचं आणि शेवटी घालायचं, आधी घातलं की तिखट चढत जातं आणि नऊ वाजता आलेल्या पोरांच्या तोंडाला लागतो. त्याला सांग मी सहा वाजता बघायला येणार आहे. आणि खरंच जा.

मॉकटेल सगळ्या ७०० ला द्यायचं कुणी सांगितलं? मुलाकडचे किती येणारेत, शंभर? त्यांना गेटवर, ओवाळून आत घेताना, ट्रेमध्ये मॉकटेल फिरवायचं. १०० ग्लास ४० रुपयानं ४००० झाले. मान राहिला, फोटो झाले, आणि ते आत गेले की ट्रे पण आत. काउंटर मांडलास की तुझ्याच गल्लीतली पोरं तिथं ठाण मांडणार.

मंगळवेढा_मालदांडी

पोरांनो, तुम्ही सगळं बोललात पण ज्वारीच्या आंबिलीचं नाव कुणी काढलं नाही. आपण ज्वारीच्या मुलखातली माणसं. आमच्या वेळी उन्हाळ्यातल्या कार्यात आल्या माणसाच्या हातात आंबिलीचा पेला असायचा. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून हलवत हलवत शिजवायचं, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घालायचं, गार झालं की परत ताक घालून पातळ करायचं. पोटाला थंड आणि अंगात ताकद. खर्च म्हणाल तर पाच-सहा किलो पिठात दोनशे माणूस निघतो.

विजापूर_वेस

काका आंबील भारीच, पण पुण्याची पाहुणी लसणाचा वास घेऊन स्टेजवर जाणार का? 😂

बार्शीची_सून

मला काकांचं पटलं. सगळ्यांसाठी नको, पण एक लहान काउंटर, मातीच्या माठात, दीडशे-दोनशे माणसांपुरतं. खेड्यावरून येणारे पाहुणे आणि घरातली म्हातारी माणसं नक्की घेणार, त्यांना ते मॉकटेल-फिकटेल गोड लागतं. फक्त लसूण बेतानं. शुगरवाल्यांना बिनसाखरेचं काहीतरी हवंच असतं, त्याचा विचार कुणी करत नाही. मठ्ठ्यात पण एक पातेलं बिनसाखरेचं वेगळं काढा.

नव्या_पेठेतला

उसाच्या रसाचा चरखा लावतात हल्ली, त्याचं काय मत आहे? आमच्या नात्यात लावला होता, दिसायला झकास.

पंगत_ते_बुफे

दिसायला झकासच. पण एक मशीन मिनिटाला दोन-तीन ग्लास काढणार, तासात दीडशे. आठ ते नऊ गर्दीच्या वेळी तिथं चाळीस माणसं उभी राहणार आणि जेवणाची लाइन तुटणार. आधी काढून ठेवावा तर रस काळा पडतो, अर्ध्या तासात चव जाते. शंभर-दोनशे माणसांच्या कार्यक्रमाला ठीक आहे, सातशेला नाही.

बर्फगोळा

तो दारूचा प्रश्न सगळे टाळायलेत म्हणून मीच लिहितो. लॉनवर करू नको. कारण भक्ती-बिक्ती नाही, कायदा आहे. महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याकडं परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयाला मिळतो आणि आयुष्यभराचा हजारात, त्याचं एवढं काही नाही. पण कार्यक्रमात दारू द्यायची तर त्या जागेसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरतं तात्पुरतं लायसन्स काढावं लागतं, आणि ते कुणाच्या नावावर निघणार? तुझ्या. वयाचंपण बघ, बिअर आणि वाइनला २१, बाकीला २५ पूर्ण पाहिजेत, नवरदेवाच्या मित्रात तेवीस-चोवीसची पोरं असणारच. आणि दोन दिवस आधीचा काही बेत असेल तर लक्षात ठेव, १ मे ला महाराष्ट्र दिनाचा ड्राय डे असतो.

विजापूर_वेस

सरळ सांग त्यांना, भावा, हॉटेलात परमिट रूम आहे, तुमचं तुम्ही बसा, बिल तुमचं तुम्ही भरा, आणि रात्री साडेआठच्या आत फोटोला स्टेजवर या. येताना कोण कुणाच्या गाडीवर बसणार ते आधीच ठरवा, विजापूर रोडला रात्री ट्रक कसे पळतात माहितीय ना. तुझ्या बजेटमध्ये एक रुपया धरू नको, एकदा धरला की तो विषय मुलीकडचा होतो.

नव्या_पेठेतला

याच्याशी शंभर टक्के सहमत. लॉनच्या करारात पण बघा, बहुतेक ठिकाणी मद्यपानाला मनाई लिहिलेली असते, आणि सापडलं तर डिपॉझिट जप्त.

जुळे_सोलापूरकर

बघितलं, करारात तसंच लिहिलंय. विषय संपला, मित्रांना कराराचाच फोटो पाठवून दिला, त्यांनी रडकी स्मायली पाठवली.

बरं आता आकडे मांडलेत, चुकतंय का बघा. जार ४०, १६००. बाटल्या ४०० नग ६ रुपयानं २४०० (दुसऱ्या दुकानदारानं हा भाव दिला). पन्हं ४०००. मॉकटेल १०० ग्लास ४०००. कोल्ड्रिंक ४०००. बर्फ २०० किलो, गोणपाट, भुसा आणि टमटमचं भाडं धरून २०००. कॉफी माणशी न घेता ३०० कप ठरवली, १० नं ३०००. ग्लास भाडं १५००. वाढायला पाच पोरं ७०० नं ३५००. एकूण २६,०००. केटररला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं, म्हणला "बाहेरचं आणलं की जबाबदारी आमची नाही". हे काय प्रकरण असतं?

पंगत_ते_बुफे

ती धमकी नेहमीची. पण त्यात थोडं खरं आहे म्हणून ऐक. बाहेरचं आणलंस की त्याची पोरं तुझ्या पन्ह्याला हात लावणार नाहीत, रिकामा ग्लास पण उचलणार नाहीत. म्हणून तुझी पाच पोरं पूर्ण वेगळी, त्यांना एक म्होरक्या, तो तुझ्या घरातला पाहिजे पण तू नाही. तू त्या दिवशी भाऊ आहेस, तुला सतरा लोक ओढणार. एखादा चुलतभाऊ, जो फोटोत नसला तरी चालेल असा.

आकडे बरोबर आहेत, फक्त अजून २-३ हजार बाजूला ठेव. फोटोवाले, डीजेवाले, पार्किंगवाला, पुण्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर, वाढणारी पोरं, धुणाऱ्या बायका, ही पन्नास-साठ माणसं दुपारपासून रात्री बारापर्यंत तिथंच असतात आणि त्यांचं पाणी-चहा कुणाच्याच यादीत नसतं. त्यांना पाच वाजता चहा आणि दोन जार वेगळे दे. डीजेवाला खूश असला की मग बंद करायला सांगितल्यावर ऐकतो.

बार्शीची_सून

हात धुवायच्या आणि भांडी धुवायच्या पाण्याचं काय? आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, पाहुण्यांना ते माहीत नसतं, ते नळ सोडून गप्पा मारत उभे राहतात. लॉनवाल्याची टाकी किती लिटरची आहे विचारा. बोअरचं असेल तर ते मचूळ असतं बऱ्याच ठिकाणी, त्यात पन्हं कालवू नका, जारचंच घ्या, त्यासाठी चार-पाच जार वाढवा.

जुळे_सोलापूरकर

हे बरं लक्षात आणून दिलं ताई. आत्ताच फोन केला, टाकी १० हजार लिटरची आहे, बोअरचंच आहे आणि पिण्यासारखं नाही असं तो स्वतःच म्हणला. एक टँकर त्याच्याकडून भाड्यात घालून घेतला, आधी नाही म्हणत होता पण पूर्ण ॲडव्हान्स अजून माझ्याकडंच आहे ना. जार ४५ केले. आंबिलीचं आजीला सांगितलं तर ती आत्तापासून कुणाच्या दळणाची ज्वारी चांगली त्यावर फोन करत बसलीय, त्यामुळं ते काउंटर आता होणारच, मी नको म्हणून उपयोग नाही.

काका, पाच किलो पिठाला ताक किती लागेल तेवढं सांगा.

मंगळवेढा_मालदांडी

भिजवायला पाच-सहा लिटर, आणि गार झाल्यावर पातळ करायला अजून पंधरा. आंबट ताक घ्या, गोड ताकाची आंबील लागत नाही. पीठ बारीक दळून आणा आणि शिजवताना गुठळी होऊ देऊ नका. आजीला विचारा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार.

विजापूर_वेस

पत्रिका कुठं पाठवायलास ते सांग की आधी 😄